स्पायना बिफिडा असलेलं बाळ घरी आल्यावर : घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यायची कामं

बाळाच्या पाठीवर पातळ कातडीचा फुगवटा असतो. डॉक्टर ‘मायलोमेनिंगोसील’ (स्पायना बिफिडाचाच एक गंभीर प्रकार) असं काहीतरी सांगतात आणि दोन-तीन दिवसांत ऑपरेशन ठरतं. या गडबडीत घरच्यांना एक गोष्ट सहसा कुणी नीट सांगत नाही : ऑपरेशनने पाठ बंद होते, पण ज्या नसांचं नुकसान गर्भातच झालं आहे त्या परत येत नाहीत. गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांच्या आत मज्जारज्जूची नळी मिटायला हवी, तिथे ती मिटलेली नसते. त्यामुळे त्या जागेखालच्या नसा लघवी, शी, पायांची ताकद आणि कातडीची जाणीव या चारही गोष्टींत कमी पडतात. पुढची वीस वर्षं मूल कसं राहील हे बरंचसं घरात रोज काय होतं त्यावर ठरतं.

हे रोजचं काम एकट्या आईवर टाकलं की ते कोलमडतं. तिला ताप येतो, माहेरी लग्न असतं, दुसरं बाळंतपण येतं, आणि नळीने लघवी काढण्याची वेळ चुकते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम करा : खाली दिलेलं प्रत्येक काम घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे. त्यातलं एक माणूस वडील असावेत. वडील फक्त बिलं भरतात आणि औषधं आणतात अशा घरात मूल सात-आठ वर्षांचं झालं की अडचण सुरू होते, कारण मुलाला उचलणं एकट्या आईला झेपेनासं होतं.

जन्मानंतरचे पहिले दिवस

तालुक्याच्या गावी बाळंतपण झालं असेल तर बाळाला बालशल्यचिकित्सक किंवा न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं. मुंबईत परळचं वाडिया मुलांचं रुग्णालय किंवा केईएम, पुण्यात ससून, नाहीतर जवळचं वैद्यकीय महाविद्यालय. वाटेत फुगवटा सुकू द्यायचा नाही आणि त्यावर दाब येऊ द्यायचा नाही. दवाखान्यातून निर्जंतुक गॉज सलाइनमध्ये भिजवून त्यावर ठेवून घ्या, वरून स्वच्छ प्लॅस्टिक लावून घ्या आणि बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवा. हळद, पावडर, तेल, कसलाही लेप लावू नका. पाठ शक्यतो 48 ते 72 तासांत बंद करतात. उशीर झाला की मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढत जातो.

अंगावर पाजता येतं. आईने बसून किंवा कुशीवर झोपून, बाळाच्या पाठीला हात न लावता पाजायचं. हे कसं करायचं ते नर्सकडून दाखवून घ्या. बाळ दूध पिताना सारखं ठसकत असेल, श्वास घेताना घरघर किंवा चिरका आवाज येत असेल, मध्येच श्वास थांबत असेल, तर ते लगेच सांगा. या आजारात मेंदूचा मागचा भाग मानेत खाली सरकलेला असू शकतो आणि त्याची ही लक्षणं असतात.

घरी आल्यावर शेक-शेगडीचा प्रश्न येतो. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांवर ओवा टाकून बाळाला शेक द्यायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. या बाळाला पायाला आणि कुल्ल्यांना चटका कळत नाही, ते रडणार नाही आणि कातडी भाजून निघेल. शेक पूर्ण बंद ठेवा. मालीशवाल्या बाईंना आधीच सांगा की पाय ओढायचे नाहीत, गुडघे-घोटे पिळायचे नाहीत आणि पाठीच्या जखमेवर हात लावायचा नाही. या मुलांची पायाची हाडं कमजोर असतात, जोरात ओढल्याने ती मोडतात, आणि मोडलेलंही बाळाला कळत नाही.

लसीकरण इतर मुलांसारखंच वेळेवर करायचं. ‘बाळ नाजूक आहे, नंतर बघू’ म्हणून एकही लस मागे ठेवू नका.

लघवी : ज्यावर किडनी टिकते ते काम

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं लागतं, कारण इथलं नुकसान दुखत नाही. मूत्राशय नीट रिकामं होत नाही, आत दाब वाढतो, लघवी उलट किडनीकडे चढते आणि किडनी गुपचूप खराब होत जाते. लंगोट ओला होतो म्हणजे लघवी होते असा समज करून घेऊ नका. भरून ओसंडलेलं मूत्राशयही थेंब थेंब गळतच असतं.

उपाय साधा आहे : स्वच्छ नळीने ठरलेल्या वेळी लघवी काढायची. डॉक्टर याला सीआयसी म्हणतात. अमेरिकेतल्या मिशिगनमधले डॉ. जॅक लॅपिडेस यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं की यासाठी सगळं निर्जंतुक असण्याची गरज नाही, हात आणि नळी स्वच्छ असली आणि मूत्राशय वेळेवर रिकामं झालं की पुरतं. म्हणूनच हे काम घरी, शाळेत, एसटी स्टँडच्या स्वच्छतागृहातही करता येतं.

नळीचा आकार डॉक्टर ठरवतात. तान्ह्या बाळाला साधारण 6 नंबर, पुढे 8, शाळेच्या वयात 8 ते 10, किशोरवयात 12 किंवा 14. लहान बाळांसाठी आपल्याकडे बऱ्याचदा इन्फंट फीडिंग ट्यूबच (बाळाला दूध देण्याची बारीक नळी) वापरतात, ती चालते. लाल किंवा पिवळसर रबरी नळी मात्र घेऊ नका. तिच्यात लॅटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर असतं, ते का नको हे खाली सांगितलं आहे. पीव्हीसी किंवा सिलिकॉनची मागा.

क्रम असा :

1. साबणाने हात धुवा. नखं कापलेली हवीत. रबरी हातमोज्यांची गरज नाही.
2. नळी, पाण्यात विरघळणारी जेली, ओला स्वच्छ कपडा आणि मापाचं भांडं हाताशी ठेवा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरू नका, ते आत विरघळत नाही आणि साचून राहतं.
3. मुलगी असेल तर पुढून मागे असं पुसा. लघवीचं छिद्र योनीच्या वर असतं आणि सुरुवातीला दिसत नाही, म्हणून उजेड समोरून घ्या. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, म्हणजे ती जागा कळते, आणि दुसरी स्वच्छ नळी त्याच्या वर घाला. लघवी आली की आणखी एक सेंटीमीटर आत सरकवा.
4. मुलगा असेल तर कातडी सहज मागे जाईल तेवढीच सरकवा. लिंग पोटाच्या दिशेने सरळ उभं धरा, जेली भरपूर लावा आणि नळी सावकाश आत न्या. मूत्राशयाच्या तोंडाशी अडल्यासारखं होईल. तिथे जोर करू नका. थांबा, मुलाला खोकायला किंवा मोठा श्वास घ्यायला सांगा, हलका दाब तसाच ठेवा, नळी आत जाते. काम झालं की कातडी पुन्हा पुढे आणायला विसरू नका. ती मागे राहिली तर सूज येऊन तिथेच आवळली जाते.
5. धार थांबली की नळी थोडी थोडी मागे घ्या. मध्ये पुन्हा लघवी आली तर थांबा. तळाशी उरलेली ही लघवीच बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं कारण असते. घाईत नळी एकदम ओढून काढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.
6. किती मिली निघाली ते लिहा.
7. नळी साबणाच्या पाण्याने धुवा, सिरिंजने आतूनही पाणी सोडा, झटकून वाळवा आणि कोरड्या डब्यात ठेवा. ओलसर पिशवीत बंद करून ठेवलेल्या नळीत जंतू वाढतात. एक नळी किती दिवस वापरायची हे डॉक्टरांशी ठरवा. कडक, खरखरीत किंवा डागाळलेली नळी त्याआधीच टाकून द्या.

पोट दाबून लघवी काढायची जुनी सवय काही घरांत दिसते. त्याने मूत्राशयातला दाब वाढतो आणि लघवी किडनीकडे ढकलली जाते. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं नसेल तर दाबू नका.

वेळ साधारण दर तीन ते चार तासांनी : सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री झोपताना. मूत्राशयात किती मावतं याचा ढोबळ हिशोब वयात 1 मिळवून 30 ने गुणायचं. पाच वर्षांच्या मुलाला साधारण 180 मिली. तुमच्या वहीत सारखे 250-300 आकडे येत असतील तर मधलं अंतर कमी करा. आकडे लहान आणि तरी मधे लंगोट ओला होत असेल तर मूत्राशय आवळत आहे, ते युरॉलॉजिस्टना दाखवा. ते बहुधा मूत्राशय सैल ठेवणारं ऑक्सिब्युटिनिन सुरू करतात. या औषधाने तोंड कोरडं पडतं, शी घट्ट होते आणि घाम कमी येतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात घाम न येणं फार धोक्याचं आहे. असं मूल दुपारी उन्हात नेऊ नका, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा आणि चेहरा लाल होऊन अंग तापलं तर सावलीत आणून गार करा आणि लगेच डॉक्टर गाठा.

लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नका. नळी घेणाऱ्या मुलांच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, पोटदुखी, उलटी, लघवीत रक्त किंवा अचानक वाढलेली गळती असेल तेव्हा तपासणी आणि औषध. नुसता वास असेल तर पाणी वाढवा आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय ना ते बघा. प्रत्येक वेळी मेडिकलमधून गोळ्या आणल्या की काही महिन्यांत साधी औषधं लागू पडेनाशी होतात, आणि खरी वेळ येते तेव्हा ॲडमिट करून इंजेक्शनं द्यावी लागतात.

किडनीची सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि डॉक्टर सांगतील तेव्हा युरोडायनॅमिक (मूत्राशयातला दाब मोजणारी) तपासणी, यांच्या तारखा मूल ठणठणीत दिसत असलं तरी चुकवायच्या नाहीत.

शी

आतडं मंद असतं, शी साचते आणि घट्ट गोळ्याच्या बाजूने पातळ शी गळते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. असं केलं की सगळंच तुंबतं. दोन-तीन दिवस नीट शी नाही आणि मग पातळ गळती, असं दिसलं तर आधी बद्धकोष्ठता समजा आणि डॉक्टरांना पोट तपासायला सांगा.

जेवणानंतर 20 ते 30 मिनिटांनी आतडं आपोआप हलतं, त्याचा उपयोग करा. रोज एकाच जेवणानंतर मुलाला पॉटीवर किंवा कमोडवर बसवा. पाय लोंबकळत नकोत, खाली पाट किंवा स्टूल द्या. दहा मिनिटं पुरेत, त्याहून जास्त बसवलं तर कुल्ल्याच्या कातडीवर दाब येतो. पोटात जोर लावायला शिकवण्यासाठी फुगा फुगवायला देतात, पण इथे रबरी फुगा नको. पिपाणी किंवा साबणाचे फुगे चालतात.

खाण्यात ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, पेरू, भिजवलेल्या मनुका हव्यात आणि पाणी भरपूर. चहात बुडवलेली बिस्किटं, मैदा आणि दिवसभर नुसतं दूध याने शी घट्ट होते. तेवढ्याने भागलं नाही तर शी मऊ करणारं लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. ही औषधं आठवडाभर देऊन ‘सवय लागेल’ म्हणून बंद करू नका, ती महिनोन्‌महिने लागतात.

पुढची पायरी एनिमाची. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा पाऊण चमचा, सपाट, मीठ. वजनाच्या किलोमागे 10 ते 20 मिली, म्हणजे 15 किलोच्या मुलाला 150 ते 300 मिली. पहिल्यांदा हे रुग्णालयातच शिकून घ्यायचं आणि प्रमाण तिथेच पक्कं करायचं. साधं पाणी कधीही वापरू नका, ते रक्तात शोषलं जाऊन क्षार कमी होतात आणि झटके येऊ शकतात. साबणाच्या पाण्याने आतड्याला इजा होते. शाळा सुरू होण्याआधी हे वेळापत्रक बसवणं हे वर्षभराचं काम आहे, म्हणून तीन वर्षांपासूनच सुरुवात करा. वर्गात शी गळाली की मुलं किती बोलतात हे सांगायला नको. शाळा सुटण्यामागे पुष्कळदा व्हीलचेअरचं नाही, शी गळण्याचंच कारण असतं.

डोक्यातलं पाणी आणि शंट

बऱ्याच बाळांना मेंदूत पाणी साचतं आणि शंट बसवतात : मेंदूतून कातडीखालून पोटात उतरणारी बारीक नळी. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट पुष्कळ वापरला जातो. डिस्चार्जच्या कागदावर शंटचं नाव, प्रकार आणि तारीख लिहून घ्या. मूल बरं असतानाचं स्कॅन जपून ठेवा. पुढे बिघाडाची शंका आली की डॉक्टर त्याच्याशीच तुलना करतात, आणि ते नसेल तर निर्णय अवघड होतो.

शंट असो वा नसो, पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा डोक्याचा घेर मोजा. न ताणणारी टेप, भुवयांच्या जरा वरून आणि डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून, तीन वेळा मोजून मोठा आकडा लिहा. मोजणारा माणूस एकच असावा, माणूस बदलला की अर्धा सेंटीमीटर सहज इकडे-तिकडे होतो. पहिले तीन महिने घेर महिन्याला सुमारे 2 सेंटीमीटर वाढतो, पुढचे तीन महिने 1, नंतर अर्धा. एका आठवड्यात एक सेंटीमीटरहून जास्त वाढला तर त्याच दिवशी फोन करा.

डोक्यात पाणी वाढल्याच्या किंवा शंट बिघडल्याच्या खुणा अशा : तान्ह्या बाळात टाळू फुगलेली, डोळे खाली झुकलेले, उलट्या, सारखी किरकिर किंवा न उठण्याइतकी झोप. मोठ्या मुलात सकाळची डोकेदुखी आणि उलटी, डोळा तिरळा होणं, चालण्यात फरक, अभ्यासात अचानक मागे पडणं. यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी न्यूरोसर्जरी असलेल्या रुग्णालयात जायचं. नुसती ‘पित्ताची उलटी’ समजून दोन दिवस घालवणं जिवावर बेतू शकतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ताप आला, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज दिसली, तर आधी शंटचा संसर्ग नाही ना ते बघून घ्या. शंट असलेल्या मुलाच्या प्रत्येक तापाला दोन प्रश्न विचारायचे : लघवी तपासली का? शंट बघितला का?

तुंबलेल्या शीमुळे पोटात दाब वाढून शंटचं पाणी उतरायचं थांबू शकतं. डोकं दुखणाऱ्या मुलाची शी कधी झाली हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

कातडी, रबर आणि पाय

रोज रात्री कपडे बदलताना कुल्ले, टाचा, घोटे, बोटांच्या बेचक्या आणि पाठीचा कुबड असेल तर तो भाग उजेडात बघायचा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर दाब द्यायचा नाही, बूट आणि पायाचा आधारपट्टा बंद. कातडी फाटली तर आठवड्यात भरणारी जखम इथे महिने घेते, कारण खाली दुखत नसल्याने मूल तिच्यावरच बसत राहतं.

जखमा कशाने होतात ते ठाऊक असावं : रॉडने तापवलेली बादली, मांडीवर ठेवलेला गरम चहाचा स्टीलचा पेला, मोटारसायकलचा सायलेन्सर, एप्रिलमधली गच्चीची फरशी, कोब्यावर रांगताना घासलेली बोटं. रात्री उंदीर बोट कुरतडतो तेही कळत नाही, म्हणून जमिनीवर झोपत असाल तर मोजे आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, पाय आधी घालायचे नाहीत. व्हीलचेअर वापरणाऱ्याने दर 15-20 मिनिटांनी हातांवर जोर देऊन कुल्ले उचलायचे किंवा पुढे वाकायचं.

रबराची ॲलर्जी या मुलांत फार आढळते, कारण जन्मापासून ऑपरेशनं आणि नळ्या यांच्यातून लॅटेक्सशी सतत संबंध येतो. पहिल्या दिवसापासून फुगे, रबरी हातमोजे, रबरी नळ्या दूर ठेवा. वाढदिवसाला कागदी पताका लावा, आणि नातेवाइकांना आधीच कळवा, कारण फुगे बहुतेक वेळा पाहुणेच आणतात. दाताच्या डॉक्टरकडे, रक्त तपासायला, कुठेही गेलात तर ‘लॅटेक्स नको’ हे पहिलं वाक्य. फाईलच्या मुखपृष्ठावर लाल शाईत लिहा. ॲलर्जी असलेल्या काही मुलांना केळं, पपई, किवी, ॲव्होकॅडो यांनीही ओठ सुजतात किंवा अंगावर गांधी उठतात. सगळ्यांनी ही फळं बंद करायची गरज नाही, पण पहिल्यांदा देताना लक्ष ठेवा.

वाकड्या पावलांना पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लॅस्टर घालतात. प्लॅस्टरखाली घासलं तरी हे मूल रडणार नाही. वास येणं, ओल दिसणं, बोटं निळसर किंवा सुजलेली, कारण नसताना ताप, यातलं काही झालं तर प्लॅस्टर त्याच दिवशी काढून बघायला लावा. नवीन बूट-पट्टा मिळाला की पहिल्या दिवशी एक तास, मग काढून कातडी बघा, रोज थोडा वेळ वाढवा. पाय अचानक सुजून गरम आणि लाल झाला, सोबत ताप असला आणि दुखत काहीच नसलं, तर तो जंतुसंसर्गच असेल असं नाही, हाड मोडलेलं असू शकतं. एक्स-रे मागून घ्या. प्लॅस्टर काढल्यानंतरच्या काही आठवड्यांत असं जास्त होतं.

उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत पाठदुखी, पाय आणखी वाकडे होणं, चालणं बिघडणं, आधी कोरडं राहणारं मूल पुन्हा गळू लागणं ही मज्जारज्जू खाली अडकून ताणला जात असल्याची खूण असू शकते. ‘मोठं झालं, आळशी झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

घरातली माणसं

‘ग्रहणात भाजी चिरली असेल’ हे वाक्य आजही ऐकवलं जातं, आणि ते नेहमी आईलाच. ते वडिलांनी तिथल्या तिथे थांबवावं. ग्रहणाचा आणि याचा काडीचा संबंध नाही.

आजी-आजोबांची मदत मोठी असते, फक्त ती ठरवून द्या : आजोबांकडे वही आणि औषधांच्या वेळा, आजीकडे जेवणानंतरचं बसवणं. दयेपोटी जास्त भरवणं टाळायला हवं. मूल कमी हलतं, वजन लवकर वाढतं, आणि वाढलेल्या वजनाने चालणं सुटतं. मोठ्या बहिणीला कायमची मदतनीस करू नका. तिने पाणी आणून दिलं, खेळली, एवढं पुरे. नळी आणि शी ही मोठ्यांची कामं.

मुलाच्या हातात काम कधी द्यायचं? वाटतं त्याच्या बरंच आधी. दोन-तीन वर्षांचं मूल नळीचा डबा आणून देतं. पाच वर्षांचं हात धुऊन जेलीची ट्यूब उघडतं. सहा ते आठच्या दरम्यान बरीच मुलं, मुली आरशात बघून, तुमच्या देखरेखीखाली स्वतः नळी घालतात. दहा-बाराला एकट्याने, नळ्या संपत आल्याचंही त्यानेच सांगायचं. हाताची पकड किंवा समज कमी असेल तर वय पुढे जाईल, क्रम तोच ठेवा. काढून दाखवायला लाज वाटू लागण्याआधी हे शिकवलेलं बरं.

शाळा आणि कागदपत्रं

मुख्याध्यापकांना जून उजाडण्याआधी भेटा. तीन गोष्टी मागा : वर्ग तळमजल्यावर, कडी असलेलं स्वच्छ आणि कोरडं स्वच्छतागृह, आणि मधल्या सुट्टीच्या आधी दहा मिनिटं. नळी कोण घालणार, तुमच्यापैकी कुणी येणार की मदतनीस, हे लेखी ठरवा. शाळेत एक जादा कपड्यांचा जोड आणि नळ्यांचा डबा कायम ठेवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना पंचायत समितीतून गाठता येतं.

शंट असलेली बरीच मुलं छान बोलतात, त्यामुळे गणित, वेळेचं भान, कामांचा क्रम लावणं यात मागे पडली की शिक्षकांना ती टाळाटाळ वाटते. तो मेंदूच्या रचनेचाच भाग आहे. भिंतीवर चित्रांची यादी, थरथरणारा अलार्म असलेलं घड्याळ, एका वेळी एकच सूचना, याने फरक पडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, आणि त्यात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत हा आजार आहे. अंगणवाडीत येणाऱ्या त्यांच्या पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. पायांच्या ताकदीसोबत मूत्राशयाचे रिपोर्टही न्या, नुसतं चालताना बघून टक्के कमी लावले जातात. 40 टक्के आणि वर असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. कॅलिपर आणि व्हीलचेअर केंद्र सरकारच्या एडिप योजनेच्या शिबिरांत एलिम्को या सरकारी कंपनीमार्फत मिळतात. मुंबईत हाजीअलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत मापाचे पट्टे बनतात.

पुढच्या गर्भारपणाआधी

एका बाळाला हा आजार झाला असेल तर पुढच्याला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. फॉलिक ॲसिडने ती पुष्कळ कमी होते. 1991 च्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात 4 मिलिग्रॅम रोज घेणाऱ्या अशा आयांमध्ये धोका 72 टक्क्यांनी उतरला. आपल्याकडे 5 मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते, तीच स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देतात. दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून, निदान एक महिना आधी, ती सुरू व्हायला हवी आणि पहिले बारा आठवडे चालू राहायला हवी. पाळी चुकल्यावर सुरू केलेल्या गोळीचा या कामासाठी फारसा उपयोग नाही, तोवर मज्जारज्जूची नळी मिटायची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. मिरगीसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोला, त्या औषधाने हा धोका वाढतो. घरातल्या नणंदा, जावा, पुतण्या यांनाही लग्नानंतर रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यायला सांगा. आणि 5 मिलिग्रॅम पुरे करण्यासाठी मल्टिव्हिटॅमिनच्या अनेक गोळ्या एकदम घेऊ नका. त्यांतून अ जीवनसत्त्व जास्त जातं आणि ते गर्भाला बाधतं.